मागच्या सीटवरून दिसणारा बाप

गेली २२ वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. पहिल्या दिवशी शिकाऊ माणसाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेसुद्धा खाली वाकून बघावं लागतं. पण काही गोष्टी तो घरूनच शिकून आलेला असतो. मागे एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा कशीबशी हलली आणि तेवढ्यात एक स्कूटरवाला आडवा आला. बाईंचा एक हात थेट हॉर्नवर, दुसरा खिडकीबाहेर, पंजा उलटा, स्टिअरिंग रामभरोसे. तोंडून असा शब्द निघाला की तो ऐकून ती स्वतःच दचकली. मी विचारलं, "घरी गाडी कोण चालवतं?"

"बाबा," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

तिच्या बाबांनी तिला हे शिकवलेलं नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, मी तर तिला कायम सांगतो, रस्त्यावर डोकं शांत ठेवावं. सांगतही असतील. पण ही पोरगी पंधरा वर्षं मागच्या सीटवर बसून बघत होती.

आदर्श बाप हा शब्द मला फारसा आवडत नाही. ऐकला की फ्रेममधला फोटो डोळ्यापुढे येतो, इस्त्रीचा शर्ट आणि न हलणारा चेहरा. पोरांसमोर असा बाप नसतोच. त्यांच्यासमोर असतो तो उशीर झालेला, किल्ली शोधणारा, फोनवर थाप मारणारा माणूस. मग त्या माणसाने करायचं काय, तेवढंच इथे सांगतो. यातलं निम्मं मी चुकून शिकलो आणि एक गोष्ट अजून जमलेली नाही. ती शेवटी येईल.

आधी आपली नक्कल बघून घ्या

सुधारायला निघण्याआधी पोरांनी आपल्याकडून आतापर्यंत काय उचललंय ते बघा. त्यासाठी पुस्तक लागत नाही. मूल चार ते दहा वर्षांचं असेल तर एखाद्या निवांत दिवशी म्हणा, "आज तू बाबा हो, मी तू होतो." आणि पुढची दहा मिनिटं गप्प बसा. हसू नका, दुरुस्त करू नका, "मी असं कधी म्हणतो?" हे तर अजिबात विचारू नका.

माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. ती स्टुलावर बसली, पट्टी कानाला लावली, पाय पसरले आणि म्हणाली, "हो हो, रस्त्यातच आहे, दहा मिनिटांत पोहोचतो." मग पट्टी खाली ठेवली आणि आरामात आडवी झाली. बायको हसून हसून बेजार. मीही हसलो, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. खोटं बोलू नये हे मी त्या पोरीला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. एकदाही न सांगता मी तिला खोटं बोलायचं कसं ते दाखवलं होतं, बसण्याच्या ढबीसकट.

पोरगं मोठं असेल तर नक्कल करणार नाही, उलट तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. तिथे त्याचं लहान भावंडाशी किंवा मित्राशी चाललेलं भांडण ऐका. वाक्यं त्याची असतील, सूर तुमचा असेल.

मुलं इतकी बारीक नक्कल का करतात, यावर बरंच काम झालेलं आहे. मला सगळ्यात आवडतो तो २००५ सालचा हॉर्नर आणि व्हाइटन या संशोधकांचा प्रयोग. एका पेटीत बक्षीस ठेवलं. प्रयोग करणारा माणूस आधी पेटीच्या वरच्या भोकात काठी घालून खुपसाखुपशी करायचा, मग पुढचं दार उघडून बक्षीस काढायचा. पेटी काळी होती तेव्हा चिंपांझींनीही दोन्ही गोष्टी केल्या. मग पारदर्शक पेटी आणली. वरच्या खुपसाखुपशीचा काही उपयोग नाही हे आता सरळ दिसत होतं. चिंपांझींनी ती पायरी सोडून दिली आणि थेट दाराला हात घातला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र उपयोग नाही हे दिसत असूनही सगळं तसंच्या तसं केलं.

चिंपांझी हुशार आणि आपली पोरं बावळट, असा याचा अर्थ नाही. माणसाचं पिल्लू आधी सगळंच उचलतं. कामाचं काय आणि बिनकामाचं काय ही निवड नंतर कधीतरी, झाली तर होते. बापाच्या गाडी पुसण्याबरोबर बापाचं शिव्या देणंही त्याच गाठोड्यात जातं.

मग आपल्या बापाचा हिशोब

हे जरा अवघड प्रकरण आहे. एक कागद घ्या. डावीकडे लिहा, माझ्या बाबांकडून मी काय उचललं जे मला हवंय. उजवीकडे, जे उचललं पण नको आहे. घाई करू नका, हे दोन-तीन आठवडे चालतं. रागावल्यावर आरशात बघितलंत तर उजवा रकाना लवकर भरतो.

माझे वडील ट्रक चालवायचे. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि हातातल्या काठीने प्रत्येक टायरवर एक टोला द्यायचे. आवाजावरून हवा कळते म्हणायचे. मला त्यांनी हे शिकवलं नाही, मी पायरीवर बसून बघायचो. आज माझ्याकडे हवा मोजायचं यंत्र आहे, तरी मी फेरी मारतो आणि बुटाच्या टोकाने टायर ठोकतो. डावा रकाना.

उजव्या रकान्यात असं आहे की त्यांनी मला जन्मात कधी "चुकलं माझं" म्हटलं नाही. एकदा त्यांचे हरवलेले पैसे मी घेतले असं समजून त्यांनी मला बडवलं होतं. पैसे दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडले. त्यांनी मला खिशातून गोळी काढून दिली आणि कामाला गेले. गोळी म्हणजेच माफी होती हे मला कळायला तीस वर्षं लागली. तोपर्यंत मीही माझ्या पोरांना गोळ्या वाटायला लागलो होतो.

हा कागद बायकोला दाखवा. ती तुमच्या यादीत नसलेल्या दोन ओळी सांगेल आणि त्या बरोबर असतील.

आता उजव्या रकान्यातली एकच ओळ निवडा. एकच. शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी क्लच, गिअर, आरसा, इंडिकेटर सगळं एकदम सांगितलं तर तो गाडी भिंतीला नेतो. त्या एका गोष्टीवर पाच-सहा आठवडे काम करा आणि घरात घोषणा करू नका. "आजपासून बाबा चिडणार नाहीत" असं जाहीर केलंत तर संध्याकाळपर्यंत तुम्ही चिडाल, आणि पोरं शब्द कसा मोडायचा ते शिकतील.

बोलत चालवा

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. शिकवणारा स्वतः स्टिअरिंगवर बसतो आणि जे बघतोय, जे ठरवतोय ते मोठ्याने बोलत जातो. "पुढे बस थांबलीय. तिच्या आडून कोणी येऊ शकतं, म्हणून पाय ब्रेकवर. आरसा बघितला, मागचा चिकटलेला नाही. आता हळू." शिकाऊ माणसाला एरवी फक्त गाडी हळू झालेली दिसते, ती का झाली ते माझ्या डोक्यात असतं. बोललो की ते त्याच्याही डोक्यात जातं.

घरी हेच करा. एकटा हा उपाय घेतलात आणि बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

कामावरून तणतणत आलात. पूर्वी मी थेट खोलीत जाऊन दार आपटायचो. पोरांना काय दिसायचं? बाबा आले, दार आपटलं, आता कोणीतरी बोलणी खाणार. आता मी दारातच म्हणतो, "मला राग आलाय. तो कामावरचा आहे, तुमच्यावरचा नाही. मी दहा मिनिटं बाहेर बसतो, मग येतो." आणि दहा मिनिटांनी खरोखर येतो. हे महत्त्वाचं, नाहीतर ते पळून जाणं होतं. पहिल्या वेळी हे वाक्य नाटकातल्यासारखं वाटलं, पोरंही बघतच राहिली. तीन महिन्यांनी थोरला शाळेतून आला, दप्तर फेकलं आणि म्हणाला, "मला राग आलाय, पण घरातल्यांचा नाही." दप्तर फेकलंच होतं, ते मान्य. पण पुढचं वाक्य नवीन होतं.

कारण कळणं एवढं का लागतं? २००२ साली गेर्गेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या १४ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. टेबलावरचा दिवा एका बाईने हाताने नाही, कपाळाने दाबून लावून दाखवला. काही बाळांसमोर तिचे हात मोकळे होते. काहींसमोर तिने अंगाभोवती शाल घट्ट धरून ठेवलेली, म्हणजे हात अडकलेले. हात मोकळे असूनही तिने कपाळ वापरलेलं बघणाऱ्या बाळांपैकी ६९ टक्क्यांनी कपाळाने दिवा लावला. हात अडकलेले बघणाऱ्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी. बाकीच्यांनी सरळ हात वापरला. म्हणजे धड चालताही न येणारं मूल हिशोब करतं: हिचे हात मोकळे आहेत, तरी ही असं करतेय, त्याअर्थी काहीतरी कारण असणार.

आता तुमचं मूल तुम्ही विनाकारण ओरडताना बघतं तेव्हा तेही कारण शोधत असतं. तुम्ही सांगितलं नाही, तर जवळचं जे सापडेल ते घेतं. बहुतेक वेळा स्वतःलाच.

निर्णय घेतानाही बोला. दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले आणि तुम्ही मागे फिरलात, तर "त्याचा संध्याकाळी हिशोब जुळणार नाही" एवढं चालता चालता म्हणा. बस. त्यावर प्रामाणिकपणाचं महत्त्व वगैरे लावलंत की पोरगं कान बंद करतं. १९७० साली ब्रायन आणि वॉलबेक यांनी मुलांना असे खेळाडू दाखवले होते, जे एका खेळात जिंकलेल्यातला वाटा दान करायचे किंवा स्वतःकडेच ठेवायचे. तोंडाने मात्र कधी उदारतेच्या गोष्टी, कधी लोभाच्या, मग कृती काही का असेना. मुलांनी स्वतः किती दिलं यावर त्या खेळाडूंच्या कृतीचा परिणाम झाला. उपदेशाचा जवळजवळ नाही. आम्ही बापमाणसं हे ऐकून मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा भाषण करतो. मी धरून.

चुकल्यावर गाडी मागे घेताना दिसू द्या

नव्या लोकांना रिव्हर्सची फार लाज वाटते. चुकीच्या गल्लीत शिरले तर तसेच पुढे जात राहतील, पण सगळ्यांसमोर मागे घेणार नाहीत. बापांचंही तेच.

माफी मागण्याची माझी पद्धत सांगतो, कारण मला ती शून्यातून बनवावी लागली. एक, त्याच दिवशी, झोपायच्या आत. दोन, खाली बसून, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. तीन, नेमकं काय केलं ते सांगायचं: "मी तुझ्या मित्रांसमोर तुला मूर्ख म्हणालो. ते चूक होतं." "काही चुकलं असेल तर सॉरी" ही माफी नाही, ती पावती आहे. चार, "पण" हा शब्द वापरायचा नाही. "चुकलं, पण तूही..." म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. त्याचंही काही चुकलेलं असेल तर तो विषय उद्या. पाच, ज्यांच्यासमोर अपमान केला त्यांच्यासमोर माफी. ही पाचवी मला अजून जड जाते. त्या मित्रांसमोर बोलताना माझा आवाज बसला होता, आणि थोरला तर जमिनीत गडप व्हायला बघत होता. त्याने नंतर त्यावर एक शब्द काढला नाही. पण महिनाभराने बहिणीची वही फाडल्यावर तो तिच्यासमोर खाली बसला आणि "मी तुझी वही फाडली" असं सुरू केलं. पुढे "पण" आलाच म्हणा. पाचवी इथे लागू नव्हती, उरलेल्या चार पायऱ्यांतून तीन पास.

एक मात्र सांभाळा. माफी मागितली आणि तीच चूक दर आठवड्याला केली, तर मूल माफीचा उपयोग काय असतो ते बरोबर ओळखतं. आणि मारहाण, दारू, बायकोवर हात अशा गोष्टींना हा रिव्हर्स गिअर पुरत नाही. तिथे घरचे उपाय सोडून बाहेरची, जाणत्या माणसाची मदत घ्यायची.

शांतपणाचीही नक्कल होते, हे लोक विसरतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, ७२ मुलं. काहींनी मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला हातोड्याने बडवताना बघितलं आणि नंतर स्वतःही तशीच बडवली, शब्दांसकट. पण त्यातल्या २४ मुलांनी असा मोठा माणूस बघितला होता, जो बाहुलीकडे लक्ष न देता शांतपणे खेळण्यांची जोडाजोड करत बसला. त्या मुलांनी आदळआपट फार कमी केली. त्या शांत माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. तरी तो माणूस काम करून गेला.

बाकीच्या लहानमोठ्या गोष्टी

घरातलं एक काम संपूर्ण आपलं करा. "मदत करतो" म्हणू नका. मदत पाहुणा करतो. माझ्याकडे कपडे आहेत: धुणं, वाळत घालणं, घड्या आणि साबण संपायच्या आत आणणं. ते शेवटचं लक्षात ठेवणं हेच खरं काम असतं.

बायकोशी मतभेद झाला तर तो पोरांपासून लपवायलाच हवा असं नाही, पण भांडण त्यांच्यासमोर झालं असेल तर मिटवणंही त्यांच्यासमोर व्हावं. बहुतेक घरांत भांडण हॉलमध्ये होतं आणि समेट बंद दाराआड. मुलांना सिनेमाचा पहिला अर्धाच बघायला मिळतो.

ज्याच्याकडून तुम्हाला काही मिळायचं नाही, अशा माणसाशी कसं बोलता ते बघा. पहारेकरी, सामान पोहोचवणारा पोरगा, चुकीचा नंबर लावलेला म्हातारा. साहेबाशी तुम्ही किती छान बोलता यात मुलाला काही रस नसतो.

पोरांसमोर काहीतरी नवीन शिका आणि त्यात कच्चे दिसा. मी ४५ व्या वर्षी पोहायला शिकलो. दिवसभर लोकांना शिकवणारा मी, पाण्यात काठ सोडेना. धाकटी सात वर्षांची, काठावर उभी राहून ओरडत होती, "बाबा, श्वास सोडा, श्वास!" नाकातोंडात पाणी गेलं, इज्जत गेली. पण गणित येत नाही म्हणून ती रडायला लागली की तेव्हापासून मला एक वाक्य वापरता येतं: "काठ सोड."

तुम्ही पोरांपासून दूर राहत असाल, नोकरीमुळे किंवा घर तुटल्यामुळे, तर मोठमोठ्या भेटींपेक्षा ठरलेल्या वेळचा लहानसा फोन बरा. बुधवारी आठ म्हणजे बुधवारी आठ. आणि पोरांच्या आईबद्दल तोंडातून वाकडा शब्द नको. अनुपस्थित माणसाबद्दल आपण कसं बोलतो, हेही ती शिकतातच. ज्या घरात बाप नाहीच, तिथे हे काम मामा, काका, आजोबा, शिक्षक, प्रशिक्षक करू शकतात, करतातही. तुमच्या आसपास असं एखादं पोर असेल तर कदाचित ते तुमच्याकडे बघत असेल. त्याला वेगळं काही शिकवायला जाऊ नका. बरोबर न्या, सायकलचं पंक्चर काढताना पाना धरायला द्या.

आणि पोरं मोठी झाली की तुमची जागा बदलते. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक आहे. नवखा शिक्षक तो सारखा दाबतो, आणि शिकणाऱ्याला स्वतःचा ब्रेक वापरायची सवयच लागत नाही. चांगला शिक्षक पाय त्याच्या वर धरून ठेवतो, टेकवत नाही, पोटरी दुखते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराबरोबर तेवढंच करायचं असतं. प्रश्न विचारायचे असतील तर शेजारी बसून विचारा, समोरासमोर नको. गाडीत दोघांचीही नजर रस्त्यावर असते, म्हणून पोरं गाडीत बोलतात. थोरल्याने मला त्याच्या आयुष्यातल्या दोन सगळ्यात अवघड गोष्टी सिग्नलला थांबलेलो असताना सांगितल्या. दोन्ही वेळा दिवा हिरवा झाला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी उलट काही बोललो नाही, तो बघत होता.

मागच्या महिन्यात त्याची गाडीची परीक्षा होती. सकाळी सरावाला निघालो. मी काही म्हणायच्या आत त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि बुटाच्या टोकाने चारही टायर ठोकले. आजोबा गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी शेजारी बसलो, घसा जरा दाटलेला. तो स्टिअरिंगवर बसला, आरसा नीट केला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो हो," तो म्हणाला, "रस्त्यातच आहे, दहा मिनिटांत पोहोचतो."

गाडी अजून सुरूही केलेली नव्हती. मी माझा पट्टा लावला आणि समोर बघत बसलो.